पठारावरच्या चिंध्या

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफ करा. माझी शाळा चौथीत सुटली. पाचवीचा वर्ग पुढच्या गावात होता आणि मधे नदी होती, एवढंच कारण. हे कोणाला वाचायला द्यायचं असं काही ठरवलेलं नाही. पण ताईंना जाऊन आता दोन महिने होत आले. दुपारी साड्यांना फॉल लावायला बसले की हात चालत राहतो आणि मन पठारावर जातं. म्हटलं, एकदा लिहून काढावं.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, शकुंतला. बातमी आली तेव्हा मी नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षात अडकले होते. मांडीवर डबा होता, त्यात त्यांच्यासाठी मऊ भात आणि मेतकूट. हॉस्पिटलात त्यांना आठ-दहा दिवस झाले होते, हृदयाचं दुखणं होतं, पण आदल्या दिवशी त्या चांगल्या बोलल्या होत्या. पुढे टेम्पो, मागे बस, सगळे हॉर्न वाजवत होते. तेवढ्यात आमच्या यांचा फोन आला. ते फक्त एवढंच म्हणाले, "मंदा, घाई करू नकोस आता." मला समजलं.  मी डब्याच्या पिशवीचा बंद घट्ट धरून बसले. तो बंद ताईंनीच बांधला होता. रिक्षात डबा हलू नये म्हणून पिशवीला सुती पट्टी लावून ती पुढच्या दांडीला अडकवायची, ही त्यांचीच युक्ती. मी दांडीवरून पट्टी सोडवली, तर डबा अजून गरम होता...

आदल्या दिवशीचं बोलणं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. ताई उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईन, तरी दुसऱ्या हाताने चादरीची सुटलेली दशी दोन बोटांत धरून ओढून बघत होत्या. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "मंदा, या वर्षी चिंध्या बदलायच्या राहिल्या गं. भाद्रपदात सायकलवाली मुलं पठार पार करणार आहेत. धुकं असेल. तू पुढे जाऊन बदलशील?" मी म्हटलं, मी तर पठारावर उंबराच्या पाण्यापुढे कधी गेलेलीच नाही. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सांगतेय." मग म्हणाल्या, "रंग बघू नकोस. हात लावून बघ." मी हो म्हटलं. आजारी माणसाला कोण नाही म्हणतं? 

या चिंध्यांचं काय, ते समजायला ताई कशा होत्या हे सांगावं लागेल. त्यांनी अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आयुष्य काढलं. मशीनवरून आलेला प्रत्येक तुकडा गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही तर बाजूला. नाशिक रोडहून अंबडला त्या काळ्या सायकलवर जायच्या, पावसातसुद्धा, दप्तरासारखा डबा पाठीला. लग्न केलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "आलेला माल गेजमध्ये बसला नाही." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, ताई मात्र हसायच्या नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. मी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हते, अजूनही फारशी बोलत नाही. दुकानात गेले तरी माझा नंबर मागे जातो. ताईंनी मला त्यावरून कधी टोचलं नाही. त्या माझा आवाज येईपर्यंत थांबायच्या, एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीन सायकल घेतली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर रुंद आणि खडबडीत. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "शकू, या वयात आता नातवंडं फिरवायची, सायकल कसली?" ताई म्हणाल्या, "नातवंडं तुमची फिरवते ना, बसवा मागे." शहरातली पाच-सहा तरुण मुलंमुली दर रविवारी अशा सायकली घेऊन डोंगरात जायची. त्यांच्या भाषेत याला ग्रॅव्हल म्हणतात. म्हणजे डांबर जिथे संपतं तिथून पुढे, मुरूम, खडी, माती, कातळ, बैलगाडीची जुनी चाकोरी, जिथून वाट मिळेल तिथून. त्यांतला निनाद अंबडलाच इंजिनिअर होता आणि ताईंना कारखान्यापासून ओळखत होता. तो त्यांना मावशी म्हणायचा, मला काकू. पहिल्या रविवारी त्याला वाटलं मावशी अर्ध्यातून परततील. त्या शेवटी पोचल्या, पण पोचल्या. घरी आल्यावर बूट न काढताच ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मंदा, वर जमीन आहे."

मला समजलं नाही. जमीन तर असणारच. त्या म्हणाल्या, "नाही गं... डोंगर चढून गेलं की माथा असतो, टोक असतं. इथे टोकच नाही. वर गेलं की आणखी एक देश आहे."

ते मोरदांडाचं पठार. गिरणाऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की मुरमाची वाट वळणं घेत वर जाते, आणि पठाराचा पलीकडचा काठ पेठच्या बाजूला आहे. त्या मुलांना पठारावर फिरायच्या वाटा माहीत होत्या, पण एका काठावरून चढून, मधे कुठेही खाली डांबरावर न येता, दुसऱ्या काठावरून उतरायचं, असं कोणाला जमलेलं नव्हतं. मधला कातळ मोठा. कातळावर टायरचा ठसा उमटत नाही आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की स्वतःचे हात दिसत नाहीत. ताईंनी तो जोड शोधायचा असं मनावर घेतलं. कित्येक रविवार गेले त्यात. कधी दलदल लागायची, कधी वाट एकदम कड्यावर संपायची, की परत. संध्याकाळी येऊन पिंडऱ्यांना तेल लावत बसायच्या आणि मला सांगायच्या की आज वाट कुठे अडली. मी फॉल लावत ऐकायची. मला ते पठार न बघताच पाठ झालं होतं.

बघितलं ते पुढे. मी चाळिशी ओलांडल्यावर सायकल शिकले, हे लिहितानाही लाज वाटते. बुद्धविहाराच्या मागच्या मैदानात, पहाटे, कोणी उठायच्या आत. पंजाबी ड्रेस घालायचा म्हणून मी दोन दिवस अडून बसले होते. ताईंनी सीटखाली एक जुनी ओढणी अडकवली आणि तिचं टोक धरून मागे पळायच्या. एक दिवस मी मैदानाला फेरी मारून आले तर ओढणी नुसतीच मागे फरफटत होती आणि ताई विहाराच्या पायरीवर चहा पीत बसलेल्या. पुढच्या थंडीत त्या मला पठारावर घेऊन गेल्या. चढ मी चालतच चढले, सायकल ढकलत. शेवटच्या वळणावर ताई बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, पुढे तू हो.

मी पुढे झाले. काय सांगू... मला वाटलं होतं वर गेल्यावर खाली बघायचं असेल. पण खाली बघायला काही नव्हतंच. समोर पिवळं गवत, जिथवर नजर जाईल तिथवर, आणि त्यावरून वारा असा जात होता की सगळं पठार श्वास घेतंय असं वाटावं. आभाळ चारी बाजूंनी खाली टेकलेलं. मी सायकलवर बसले. टायरखाली मुरूम कुरकुरत होता, तव्यावर ज्वारी भाजताना वाजते तसा. त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. माझ्या आयुष्यात मी घर, माहेर, बाजार आणि विहार एवढंच पाहिलेलं. एवढी रिकामी जागा एका ठिकाणी असू शकते आणि ती कोणाची नसते, हे मला माहीत नव्हतं. मी घाबरले. उंबराच्या पाण्यापाशी, म्हणजे उंबराखालच्या झऱ्यापाशी, उतरले आणि म्हटलं मी इथेच थांबते, तुम्ही जाऊन या. तेव्हापासून ते माझं ठिकाण झालं. ताई आणि मुलं पुढे जायची, मी तीन दगड मांडून चहा आणि पिठलं करायची, वाट बघायची. पुढे वाट जुळल्यावर पलीकडचा काठ दाखवायचा म्हणून ताई दर वेळी विचारायच्या, मी दर वेळी पिठलं करपेल म्हणायची. त्या म्हणायच्या, "ठीक आहे. काठ कुठे जात नाही."

शेवटी त्यांना तो जोड सापडला. कातळावर दूर दूर करवंदीच्या जाळ्या आहेत. एका जाळीपासून दुसरीपर्यंत गेलं तर दलदलही चुकते आणि कडाही. मुलं म्हणाली, ऑईलपेंटचे बाण काढू. ताई म्हणाल्या, "कातळ काय आपल्या बापाचा आहे?" मोबाईलवर वाटेची रेघ होतीच, पण भर पावसात ओल्या बोटांनी मोबाईल चालत नाही हे त्या मुलांनाही माहीत होतं. मग ताई माझ्याकडे आल्या. जुन्या साड्या दे म्हणाल्या, पण सुतीच. नायलॉन वर्षानुवर्षं लोंबत राहतं, सुती कापड आपलं काम करून कुजून जातं, मग दर वर्षी नवीन बांधायचं. माझ्या जुन्या साड्या मी स्वतः फाडल्या. मोरपंखी, तपकिरी काठाची, बारशात आलेली कैरी रंगाची. सुती साडी फाडताना सरळ रेघेत फाटत जाते, चर्र आवाज येतो. ताई बांधायच्या ते मात्र त्यांच्या पद्धतीने. गाठ मारायची नाही. पट्टी दुमडायची, मधला वळसा फांदीमागून घ्यायचा आणि दोन्ही टोकं त्या वळशातून ओढायची. कारखान्यात तपासलेल्या मालाला कापडी फीत अशीच लावायच्या म्हणे. मी विचारलं, साधी गाठ का नाही? म्हणाल्या, "गाठ बसली की फांदी आवळते. फांदी वाढणार ना? हा वळसा तिच्याबरोबर सरकतो." मग पट्टी दोनदा ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "पास." घरात कपडे वाळत घालायच्या दोरीला, पडद्याला, किल्ल्यांना, सगळीकडे त्यांचा हाच वळसा आणि हेच पास.

पुढच्या वर्षी गंमत झाली. आमच्या तपकिरी पट्टीशेजारी कोणीतरी लाल चिंधी बांधलेली, खाली हळदकुंकू. पलीकडच्या काठाखाली करंजपाडा आहे, तिथल्या बायका गुरं घेऊन वर येतात. त्यांतली जनाबाई नावाची एक ताईंच्या ओळखीची झाली होती. तिची गाय धुक्यात दोन दिवस हरवली होती आणि सापडली ती नेमकी आमच्या पट्टीच्या जाळीपाशी उभी. जनाबाईने नवस फेडल्यासारखी एक चिंधी बांधली. मग दुसरीने पोरासाठी बांधली, तिसरीने दुखण्यासाठी. वर्षभरात कितीतरी जाळ्यांवर चिंध्या झाल्या, आमच्या वाटेवर आणि वाटेबाहेरही. सगळ्यात जास्त कड्याकाठच्या एका झाडावर. तिथे उघड्या पायांनी शेळ्यांमागे जायला ठीक, सायकल घेऊन गेलं तर एक पाऊल घसरायचा अवकाश. मुलं ताईंना चिडवायची, मावशी, तुम्ही देवी बसवलीत. आणि ताई म्हणजे कशा, आमच्या घरात बुद्धवंदनेशिवाय काही नाही, नवस हा शब्द काढला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. निनाद म्हणाला, वाटेबाहेरच्या चिंध्या कापून टाकू, घोटाळा होतो. मला वाटलं ताई हो म्हणतील. त्यांनी जाळीवरची एक चिंधी हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "तिची गाय सापडली ते खरं आहे ना? मग राहू दे. आपली कोणती ते आपण ओळखायचं." त्या बायकांच्या चिंध्यांना दोन पदरी पक्क्या गाठी असायच्या. नवस तसाच बांधतात, सुटू नये म्हणून. तेवढा फरक पुरे, असं ताईंचं म्हणणं.

ताई गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. निनादने तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की ठरल्याप्रमाणे भाद्रपदात मुलं पठार पार करणार, आता मावशींच्या आठवणीत, या काठावरून त्या काठावर, आणि नवीन बरीच मंडळी येणार. मी मागच्या रांगेत बसले होते. हॉस्पिटलातलं माझं हो माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं का? चिंध्या वर्षाच्या झालेल्या, अर्ध्या कुजलेल्या, त्यात धुकं, त्यात कड्याकाठचं झाड चिंध्यांनी भरलेलं. त्या नव्या मुलांपैकी कोणी तिकडे गेलं तर... कार्यक्रम संपल्यावर मी निनादपाशी गेले आणि म्हटलं, त्याच्या आधी मला एकदा पलीकडे जायचंय. त्याला ऐकू आलं नाही. परत सांगावं लागलं. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू? पठार पार करणार? रस्ता ओलांडताना माझा हात धरतेस." पण जाताना यांनीच सायकलची हवा बघितली.

पट्ट्यांसाठी कापड काय घ्यायचं, हा प्रश्नच पडला नाही. ताईंचा कारखान्यातला राखाडी कोट कपाटात होता, जाड सुती, खिशावर पेनाचा जुना डाग. मी तो काढून मांडीवर घेतला. मग शिवणीला कात्रीने छेद दिला आणि फाडला. साडीसारखा सहज फाटला नाही. कोट त्यांच्यासारखाच होता.

ताईंची सायकल मला उंच. निनादने सीट खाली करून दिली. उंबराच्या पाण्यापर्यंत वाट माहितीची होती. सोनकीची पिवळी फुलं दोन्ही बाजूंना, मधून लाल मुरमाची ओली वाट, टायरने चिखल पाठीवर उडत होता. झऱ्यापाशी पोचलो आणि धुकं आलं. येतं म्हणजे चालत येतं तिथे, माणसासारखं. आधी लांबचं गवत गेलं, मग उंबर गेला, मग निनादची लाल टोपी तेवढी उरली. त्याने मोबाईल काढला, पुसला, परत पुसला, खिशात ठेवला. म्हणाला, परत फिरू या का?  मी माझ्या नेहमीच्या तीन दगडांकडे बघितलं. ते काळे होऊन तिथेच होते. मग सायकल ढकलत कातळावर पाऊल ठेवलं.

आम्ही असं ठरवलं, की एका जाळीपाशी त्याने सायकली घेऊन उभं राहायचं, मी पुढे जाऊन पुढची पट्टी शोधायची, सापडली की हाक द्यायची, मग त्याने आवाजावर यायचं. पहिल्या जाळीवर नजर फिरवली तर रंग काही उरलाच नव्हता. माझी मोरपंखी कोणती आणि तपकिरी कोणती, मलाच ओळखेना. ऊन-पावसाने सगळ्या सारख्याच करड्या झालेल्या. तेव्हा हॉस्पिटलातलं ते वाक्य आठवलं. डोळे मिटले आणि हात लावला. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ... आणि मग वळसा. मऊ, सपाट, फांदीवर सरकणारा. ताईंचीच बोटं हाताला लागल्यासारखं झालं. मी कोटाची पट्टी काढून तशीच शेजारी अडकवली, दोनदा ओढली, आणि म्हटलं, पास. धुक्यातून निनाद ओरडला, "काकू, मोठ्याने! वाऱ्यात काही ऐकू येत नाही." मी परत म्हटलं. "अजून मोठ्याने!" असा प्रत्येक जाळीला माझा आवाज थोडा वाढत गेला. कधी वाटलं आता कातळाला ऐकू जाईल. एवढं मोठं पठार, त्यात आपण एक शब्द टाकायचा आणि धुक्याने तो नेऊन माणसाला परत आणून द्यायचा, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

अर्ध्यात एका ठिकाणी वाट फुटली. डावीकडे धुक्यातसुद्धा दिसत होतं, चिंध्याच चिंध्या, ओळीने, झेंडूच्या माळेसारख्या. सगळ्यांना पक्क्या गाठी. उजवीकडे एकटी जाळी, तिच्यावर एकच पट्टी. मी जवळ गेले तर ती माझी नव्हती. नवी कोरी, शेंदरी रंगाची, बारीक ठिपक्यांची, अशी साडी आमच्या घरात कधी नव्हती. आमची पट्टी त्या जाळीवर कुठेच नव्हती, सगळी फांदी चाचपली. निनाद आला आणि बघून म्हणाला, "ही आपली नाही, काकू. रंगच नवा आहे. थांबू या इथेच." त्याचं बरोबर होतं. डाव्या हाताला खाली कुठेतरी वारा कड्यावरून वर येताना घुमत होता, त्यावरून कडा किती जवळ आहे ते समजत होतं. चुकलं असतं तर आज मी चुकले असते आणि आठवड्याने ती सगळी मुलं माझ्या मागून चुकली असती.

मी शेंदरी पट्टीला हात लावला. गाठ नव्हती. वळसा होता. दुमडलेली, फांदीमागून घेतलेली, दोन्ही टोकं मधून ओढलेली. ताई जाऊन महिना उलटला होता आणि पट्टीचा रंग अजून एका पावसाचाही नव्हता...  कोणी बांधली? ताई तर नाहीत. मग विचार केला, की बांधणारं कोणीही असो, ज्याने बांधली त्याला ताईंनी हात धरून शिकवलंय. गाठ कोणीही मारतं. हा वळसा कोणी उगाच घालत नाही. मी पट्टी दोनदा ओढली. निनाद माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पास." तो शेजारीच उभा होता, तरी मोठ्याने म्हटलं.

तिथून पुढे तीन-चार जाळ्यांवर आमच्या पट्ट्या गळून गेलेल्या आणि त्या जागी शेंदरी. प्रत्येकीला वळसा. कातळ संपला, पायाखाली गवत आलं, गवतात टायर बुडू लागले, आणि अचानक धुकं आमच्या मागे राहिलं. आम्ही काठावर होतो.

मला ते नीट लिहिता येणार नाही. खाली जमीन नव्हती, ढग होते. पांढरे, सपाट, पार पश्चिमेकडे गुजरातपर्यंत असतील, आणि त्यांतून डोंगरांची डोकी बेटांसारखी वर आलेली. ऊन ढगांवरून आमच्या अंगावर येत होतं, खालून वर. मी सायकल आडवी ठेवली आणि बसले. इतकी वर्षं हे इथे होतं. मी पलीकडे पिठलं ढवळत होते तेव्हा ताई इथे उभ्या असायच्या, आणि परत येऊन कधी म्हणाल्या नाहीत की तू काय गमावलंस. फक्त काठ कुठे जात नाही, एवढंच म्हणायच्या. निनाद बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला रडायचं असावं.

गुरांच्या घंटा वाजल्या आणि खालच्या वाटेने जनाबाई वर आली, डोक्यावर घोंगडीची खोळ. मला तिने कधी पाहिलेलं नव्हतं, सायकल मात्र ओळखली. मला म्हणाली, "बाई नाय आल्या?" मला सांगावं लागलं. ती काठी टेकून उभीच राहिली. तिची गाय पुढे जाऊन गवत खायला लागली. मग मी शेंदरी पट्ट्यांचं विचारलं. ती म्हणाली, "पावसात पडल्या व्हत्या तुमच्या. बाई आल्या म्हंजी वाट कशी गावंल, म्हनून माझ्या लुगड्याच्या बांधल्या. त्यांनीच शिकवलं व्हतं, असं बांध म्हनं, झाड आवळत नाय." मी विचारलं, नवसाच्याही अशाच बांधता का आता? तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "नाय बा. नवस येगळा, वाट येगळी. बाईंनी सांगितलंय ना."

मी तिला ताईंच्या कोटाच्या पट्ट्या दाखवल्या. तिने एक मागून घेतली. कुठे बांधते बघत होते, तर तिने ती गाईच्या दाव्याला अडकवली. वळसा घालून. गाईची मान वाढायची नाही आता, पण ते मी बोलले नाही. ती म्हणाली, "आता ही नाय हरवायची."

पुढच्या रविवारी सगळी मुलं त्याच वाटेने गेली, राखाडी आणि शेंदरी पट्ट्या बघत. धुकं होतंच. मी सगळ्यांच्या शेवटी होते, कोणी मागे राहू नये म्हणून. उंबराच्या पाण्यापाशी कोणी चहा केला नाही. खाली उतरल्यावर एका नव्या मुलीने विचारलं, की काकू, दोन रंग का आहेत? मी तिला सांगितलं. बरंच सांगितलं.

आता सायकल गॅलरीत असते. ताईंची खोली आवरून झाली, कपडे दिले, पलंग माझ्या भावजयीच्या मुलाला दिला. पडद्याला, किल्ल्यांना त्यांच्या हातचे वळसे आहेत, ते मात्र मी सोडवले नाहीत. परवा बाजारातून आले, भाजीची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि हात धुवायला वळले. मग थांबून बघितलं. माझ्या हातांनी पिशवीचा बंद दुमडून, हँडलमागून घेऊन, मधून ओढून घेतला होता, मला न विचारता. हे आतून म्हणाले, कोणाशी बोलतेस? कारण मी बंद दोनदा ओढून पाहिला होता, आणि बोललेही होते, चांगलं समोरच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल असं.

पास.